रॅकपासून उंबरठ्यापर्यंत

गोदामांची आखणी करणे हा माझा व्यवसाय असल्याने स्वयंचलनाविषयीची माहितीपत्रके, चित्रफिती आणि विक्रेत्यांची सादरीकरणे माझ्या टेबलावर सतत येऊन पडतात. तरीही एखादी वस्तू रॅकवरून निघून ग्राहकाच्या दारापर्यंत जाते त्या संपूर्ण वाटेवर यंत्र नेमके कुठपर्यंत सोबत करते आणि कुठे माल माणसाच्या हाती देऊन मागे फिरते, हे मी सलगपणे कधीच पाहिले नव्हते. या मार्चमध्ये सहा दिवस मोकळे करून ती वाट पार्सलच्याच क्रमाने चालायची असे मी ठरवले : आधी यंत्रे, मग गोदाम, त्यानंतर वर्गीकरण केंद्र, डिलिव्हरीची व्हॅन आणि शेवटी दार.

पहिला दिवस : श्टुटगार्ट

श्टुटगार्टच्या विमानतळाला लागूनच असलेल्या प्रदर्शन संकुलात मार्च महिन्यात लॉजिमॅट हे गोदाम आणि मालहाताळणीचे प्रदर्शन भरते, त्यामुळे विमानातून उतरलेला माणूस बॅग ओढत थेट दालनात शिरू शकतो. मी तेच केले. पहिल्याच दालनात कमरेएवढ्या उंचीचे रोबो पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत फिरत होते आणि प्रत्येक विक्रेता एकाच प्रयोगाचा आग्रह धरत होता : ‘समोर उभे राहून पाहा.’ मी उभा राहिलो. रोबो क्षणभर थांबला, बाजूने वळसा घालून निघून गेला, आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जादूगाराचे समाधान उमटले.

या वळशामागे मोठा इतिहास आहे. गोदामात माल वाहणारी, चालकाविना चालणारी गाडी १९५०च्या दशकात अमेरिकेतील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तयार केली. ती तारेचा माग काढत जाई आणि तार जिथे नेईल तिथेच पोहोचे. पुढे तारेच्या जागी चुंबकीय पट्टी आली, लेझर परावर्तक आले, पण वाट ठरलेलीच राहिली आणि वाटेत खोके पडले तर गाडी ते उचलले जाईपर्यंत उभी राही. या जातीला एजीव्ही म्हणतात. एएमआर म्हणजे स्वयंनिर्णयी फिरता रोबो मात्र लिडारने, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या उपकरणाने, भोवतालच्या भिंती, खांब आणि रॅक मोजून स्वतःचा नकाशा तयार करतो, त्या नकाशात आपण कुठे आहोत हे सतत ताडून पाहतो आणि अडथळा आला की नवी वाट आखतो.

माहितीपत्रकात हा फरक दिवस-रात्रीइतका असतो. प्रत्यक्ष गोदामात तो बराच पुसट होतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो. अरुंद गल्लीत दहा रोबोंनी आपापल्या बुद्धीने वळसे घ्यायला सुरुवात केली की ते एकमेकांसमोर येऊन खोळंबतात, म्हणून आम्ही आखणी करणारेच नकाशावर एकेरी मार्ग, थांबे आणि ‘येथे वळसा घेऊ नये’ अशा रेषा काढतो. स्वातंत्र्य विकत घ्यायचे आणि नंतर ते सॉफ्टवेअरमध्ये बसून काढून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. दुसरी मर्यादा सुरक्षेची. रोबोला थांबवणारा सुरक्षा-स्कॅनर सहसा जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या एकाच आडव्या पातळीत पाहतो. त्या पातळीत माणसाचा पाय दिसतो, पण वर अधांतरी आलेला फोर्कलिफ्टचा दाता किंवा टेबलाची बाहेर आलेली कड दिसत नाही. चांगले उत्पादक त्यासाठी वेगळे त्रिमितीय कॅमेरे बसवतात. ज्यांच्या रोबोवर ते नव्हते, त्यांना मी मुद्दाम तोच प्रश्न विचारला आणि प्रत्येक वेळी विषय बॅटरीकडे वळला.

सर्वांत मोठी गर्दी दोन पायांच्या रोबोंभोवती होती. हा प्रकार केवळ देखाव्याचा राहिलेला नाही. अजिलिटी रोबोटिक्सचा डिजिट हा रोबो २०२४ पासून अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जीएक्सओ या कंपनीच्या गोदामात टोट म्हणजे मालाची खोकी उचलून कन्व्हेयरवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर, ठेवण्याचे काम मोबदल्यावर करत आहे. तरीही माझ्या मनात एक शंका कायम आहे. चाकांच्या रोबोचे आपत्कालीन बटण दाबले की वीज तुटते आणि तो जागीच उभा राहतो, म्हणजे थांबणे हीच त्याची सुरक्षित अवस्था. दोन पायांचा रोबो सतत तोल सावरूनच उभा असतो; त्याची वीज तोडली तर तो कोसळतो, आणि कोणाच्या अंगावर कोसळेल हे बटण दाबणाऱ्याच्या हाती नसते. तोल सावरत चालणाऱ्या रोबोंसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय मानक लिहिण्याचे काम हाती घ्यावे लागले, ते याच अडचणीमुळे. तोवर हे रोबो बहुतेक कुंपणाच्या आतच काम करतील, आणि कुंपणाच्या आतल्या सपाट जमिनीवर पायांपेक्षा चाके स्वस्त पडतात.

दुसरा दिवस : श्टुटगार्ट

आजचा दिवस मी ज्या दोन गोष्टींसाठी राखून ठेवला होता, त्या छायाचित्रात दिसत नाहीत.

पहिली गोष्ट भाषेची. एका गोदामात तीन उत्पादकांचे रोबो असतील तर त्यांना वाहतुकीचे आदेश कोण देणार? जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेने यंत्रनिर्मात्यांच्या संघटनेसह तयार केलेला व्हीडीए ५०५० हा संकेत त्यासाठी आहे : मुख्य नियंत्रण प्रणालीने रोबोला आदेश कोणत्या स्वरूपात द्यावा आणि रोबोने आपली स्थिती कशी कळवावी, हे त्यात ठरवलेले आहे. प्रदर्शनात जवळपास प्रत्येक फलकावर त्याचा उल्लेख होता. मात्र खोदून विचारले की कळते, एकाने पूर्ण संकेत राबवलेला असतो, दुसऱ्याने अर्धा, आणि तिसऱ्याचा ‘पुढच्या आवृत्तीत येणार’ असतो.

दुसरी गोष्ट बोटांची. खोक्यात हात घालून हवी ती वस्तू उचलणे हे लहान मूल करते, पण यंत्रासाठी ते अजूनही अवघड आहे. अ‍ॅमेझॉनने २०१५ मध्ये सिएटल येथे याच कामाची स्पर्धा भरवली, तेव्हा बर्लिनच्या तंत्रविद्यापीठाचा जो संघ जिंकला त्याने नाजूक बोटांच्या नादी न लागता रोबोच्या हाताला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडली होती. आजही प्रदर्शनातले बहुतेक हात शोषकपेल्यांवरच चालतात. मी एका हातासमोर बराच वेळ उभा राहिलो. पुठ्ठ्याची खोकी तो झपाट्याने उचलत होता. जाळीच्या पिशवीतून हवा निसटत असल्याने ती दोनदा सुटली. पारदर्शक वेष्टनातली वस्तू कॅमेऱ्याला नीट दिसतच नव्हती. अ‍ॅमेझॉनने मे २०२५ मध्ये डॉर्टमुंड येथे व्हल्कन नावाचा रोबो जाहीर केला, त्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याला दाब जाणवतो; कापडाच्या कप्प्यात आधीच भरलेल्या वस्तू हलकेच बाजूला सारून तो नव्या वस्तूसाठी जागा करतो. नजर तीक्ष्ण करण्याच्या शर्यतीत स्पर्श मागे राहिला होता, तो आता पुढे येऊ लागला आहे. या प्रदर्शनातून मी एकच खूण घेऊन निघालो तर ती हीच असेल.

तिसरा दिवस : दोन गोदामे

आज दोन गोदामे पाहिली. दोन्हीकडच्या यजमानांनी नाव न लिहिण्याची अट घातली होती, आणि ती रास्तच आहे.

सकाळच्या गोदामात रॅक चालत होते. पिकिंग, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून वस्तू गोळा करणे, हे काम करणाऱ्या माणसाचा साधारण निम्मा वेळ चालण्यातच जातो आणि गोदाम चालवण्याच्या खर्चातील सुमारे ५५ टक्के खर्च पिकिंगवर होतो, हे आमच्या क्षेत्रातले पाठ्यपुस्तकी गणित. किराणा घरपोच देणारी वेबव्हॅन ही कंपनी २००१ मध्ये बुडाली, तेव्हा तेथे काम केलेल्या मिक माउंट्झ यांनी या गणिताचे उत्तर उलटे मांडले : माणसाने रॅककडे जाण्याऐवजी रॅकनेच माणसाकडे यावे. पीटर वुर्मन आणि राफाएलो दांद्रेआ यांच्यासह त्यांनी २००३ मध्ये स्थापन केलेल्या किवा सिस्टिम्सचे बुटके रोबो रॅकच्या खाली शिरून तो उचलत आणि पिकरपुढे आणून उभा करत. २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली आणि पुढे तिचे रोबो इतरांना मिळेनासे झाले. आजचा अर्धा बाजार या एका खरेदीने घडवला, असे मला वाटते. किवावर विसंबून असलेल्या क्वाएट लॉजिस्टिक्सने स्वतःच पर्याय शोधला आणि त्यातून लोकस रोबोटिक्स उभी राहिली. गीकप्लससारख्या कंपन्यांना मोकळे मैदान मिळाले. स्वतः अ‍ॅमेझॉनने जुलै २०२५ मध्ये आपल्या दहा लाखाव्या रोबोची घोषणा केली.

सकाळचे गोदाम याच कुळातले होते. जमिनीवर ठरावीक अंतराने चौकोनी संकेत चिकटवलेले होते आणि रोबो पोटाखालच्या कॅमेऱ्याने ते वाचत सरकत होते. या क्षेत्रात माणसाला मज्जाव असतो. आत जायचे तर आधी तो विभाग थांबवावा लागतो. आम्ही कठड्याशी उभे असताना पॅलेटभोवती गुंडाळण्याच्या प्लास्टिक फिल्मचा हातभर तुकडा कुठूनसा उडून एका संकेतावर बसला. त्यावर आलेला रोबो थांबला, मागचा थांबला, त्याच्या मागचे चार थांबले, आणि काही क्षणांत तो कोपरा गोठल्यासारखा झाला. एका तंत्रज्ञाने विभाग थांबवला, आत जाऊन तुकडा उचलला, खिशात घातला आणि बाहेर येऊन विभाग पुन्हा सुरू केला. यजमान ओशाळले होते. मला मात्र त्या दहा मिनिटांत सबंध प्रदर्शनापेक्षा अधिक शिकायला मिळाले. अशा गोदामात झाडलोट हे उत्पादनाचेच काम असते, आणि फिल्म कुठे कापायची, कुठे टाकायची हे आखणीतच ठरवावे लागते.

पिकिंगच्या ठाण्यावर उभ्या असलेल्या बाईंशी बोललो. पूर्वी दिवसभर चालून पाय दुखत, आता एकाच जागी तेच वळण घेऊन खांदा दुखतो, असे त्यांनी कुठलाही कडवटपणा न आणता सांगितले. रोबोंची रांग संपत नाही. पूर्वी दोन रॅकमधले चालणे हीच विश्रांती असे. चालण्यातला तो ‘वाया जाणारा’ वेळ काढून टाकताना त्याचा हा उपयोग मी कधी हिशेबात धरला नव्हता.

दुपारचे गोदाम वेगळ्या जातीचे, म्हणजे जाळीचे होते. त्याचे मूळ नॉर्वेतल्या ऑटोस्टोर या कंपनीत, जिची सुरुवात १९९६ मध्ये झाली. इथे गल्ल्याच नसतात. प्लास्टिकचे बिन एकावर एक रचून त्यांचे खांब एकमेकांना चिकटून उभे करतात आणि वरच्या रुळांवर रोबो फिरतात. हवा असलेला बिन तळाशी असेल तर रोबो वरचे बिन एकेक करून बाजूला काढतात, तो उचलतात आणि खालच्या ठाण्यावर सोडतात. परतलेला बिन सर्वांत वर बसतो, त्यामुळे वारंवार लागणारा माल आपोआप वर राहतो आणि न खपणारा तळाला जातो. कोणीही न ठरवता लागलेला हा क्रम मला या यंत्रणेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. मर्यादाही स्पष्ट आहेत : बिनमध्ये न मावणारी वस्तू येथे येऊच शकत नाही, आणि एकाच वस्तूची अचानक झुंबड उडाली की ठाण्यांची क्षमता कमी पडते.

मी आगीविषयी विचारले. इंग्लंडमध्ये अशाच प्रकारच्या यंत्रणेवर चालणारे ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीचे अँडोव्हरचे गोदाम फेब्रुवारी २०१९ मध्ये चार्जिंग यंत्रणेतील विद्युत दोषामुळे लागलेल्या आगीत नष्ट झाले आणि जुलै २०२१ मध्ये एरिथ येथे तीन रोबोंच्या टकरीनंतर आग लागली. प्लास्टिकच्या बिनांची ही दाट रचना पेटली तर छतावरून पडणारे पाणी तळापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. यजमानांनी चार्जिंगच्या जागा जाळीच्या एका कडेला भिंत घालून वेगळ्या केल्याचे दाखवले. जागेची घनता विकत घेताना तिच्याबरोबर हा धोकाही घरात येतो, हे त्यांना विक्रेत्याकडून नव्हे तर विमा कंपनीकडून कळले होते.

चौथा दिवस : डॉर्टमुंड

सकाळी आगगाडीने डॉर्टमुंडला आलो. मालहाताळणीवर संशोधन करणारी फ्राउनहोफर आयएमएल ही संस्था १९८१ पासून येथे आहे आणि कोळसा-पोलादाच्या या जुन्या शहराने मालवाहतुकीला आपला नवा धंदा मानले आहे.

वर्गीकरण केंद्रात लिहिण्यासारखे थोडेच सापडले, कारण येथले स्वयंचलन जुने आणि पक्के आहे : पट्टे धावतात, कॅमेरे सहाही बाजूंनी पत्ता वाचतात, झुकते थाळे पार्सल योग्य घसरगुंडीत टाकतात. माणसे दोनच ठिकाणी घाम गाळताना दिसली. ट्रकमधून सुटी पार्सले उतरवताना आणि व्हॅनमध्ये भरताना. वेडीवाकडी रचलेली पार्सलांची भिंत न ढासळवता उतरवणारे रोबो आता विकत मिळतात, पण या केंद्रात अजून एकही नव्हता.

डॉर्टमुंडला येण्याचे माझे खरे कारण एक पिवळे कपाट होते. पॅकस्टेशन या पार्सल-लॉकरची चाचणी २००१ मध्ये याच शहरात आणि माइन्झ येथे सुरू झाली. आज जर्मनीत असे १०,०००हून अधिक लॉकर आहेत आणि पोलंडमध्ये इनपोस्ट या कंपनीच्या लॉकरांनी घरपोच सेवेलाच मागे सारले आहे. स्थानकाजवळच्या एका लॉकरपाशी मी तासभर रेंगाळलो. वाहकाने एकाच थांब्यावर साऱ्या कप्प्यांत पार्सले ठेवली आणि तो निघून गेला. त्यानंतर लोक सवडीने येत राहिले, कप्पे उघडत राहिले. यात चाके नाहीत, लिडार नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, आणि तरीही शेवटच्या टप्प्यावरच्या स्वयंचलनाचे याहून यशस्वी उदाहरण मला माहीत नाही. ‘घरी कोणी नव्हते’ ही या व्यवसायातली सर्वांत महागडी नोंद लॉकर पुसून टाकतो. मात्र तो ती पुसतो ते ग्राहकाला चालायला लावून, हे नोंदवून ठेवायला हवे.

पाचवा दिवस : व्हॅनमध्ये

एका वाहकाने, त्याच्या वरिष्ठांच्या परवानगीने, मला दिवसभर शेजारी बसू दिले. सकाळी व्हॅन भरतानाच त्याने पडद्यावरचा क्रम पाहिला आणि दोन ठिकाणी तो मोडायचे ठरवले. केवळ २५ थांब्यांचा क्रम लावायचा म्हटला तरी शक्यतांची संख्या २६ अंकी होते, त्यामुळे हे गणित संगणकावरच सोपवावे लागते. यूपीएस या पार्सल कंपनीची ओरायन ही प्रणाली याच गणितासाठी प्रसिद्ध आहे आणि समोरून येणारी वाहने अडवणारी डावी वळणे टाळण्याचा त्या कंपनीचा अमेरिकेतला दंडकही सर्वज्ञात आहे. आमच्या वाहकाने क्रम का मोडला? एका शाळेसमोर ठरावीक वेळी गाडी उभी करता येत नाही, आणि एका इमारतीचा मागचा दरवाजा दहानंतर बंद होतो. नकाशाला रस्ता माहीत असतो. दरवाजा माहीत नसतो.

लंडनमधल्या पार्सलवाहकांच्या फेऱ्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात फेरीच्या वेळेपैकी ६२ टक्के वेळ व्हॅन कडेला उभीच असते आणि वाहक दिवसाला जवळपास ८ किलोमीटर चालतो, असे आढळले होते. हे वाचून माहीत असणे वेगळे आणि दुपारपर्यंत त्याच्या मागे जिने चढणे वेगळे. उद्या ही व्हॅन चालकाविना धावू लागली तर वाचेल तो गाडी चालवण्याचा उरलेला लहान हिस्सा; व्हॅनपासून दारापर्यंतचे काम होते तेवढेच राहील, उलट ते करायला कोणीच नसेल. अ‍ॅमेझॉनने स्काउट या पदपथावरच्या रोबोच्या प्रत्यक्ष चाचण्या आणि फेडेक्सने रॉक्सो या तशाच रोबोचा प्रकल्प, दोन्ही २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये थांबवले, तेव्हा मला आश्चर्य वाटले होते. या जिन्यांनंतर ते उरले नाही.

ड्रोनचा विषय वाहकानेच काढला. मी त्याला रवांडाचे उदाहरण सांगितले : झिपलाइन या ड्रोन कंपनीने २०१६ पासून तेथे रुग्णालयांना रक्त पोहोचवायला सुरुवात केली, विमान फेकयंत्रावरून उडते आणि उतरण्याऐवजी पाकीट पॅराशूटने खाली सोडून परतते. डोंगराळ रस्त्याने लागणारा वेळ, मालाचे थोडे वजन, त्याची मोठी निकड आणि खाली मोकळे अंगण, या चारही गोष्टी तेथे जुळून आल्या. त्याने पुढच्या पाच मजली इमारतीकडे पाहिले, अंगण शोधले आणि काही न बोलता पार्सल उचलले.

सहावा दिवस : मिल्टन कीन्स

लंडनला उतरून मिल्टन कीन्सला पोहोचलो. स्काइपच्या उभारणीत वाटा असलेल्या आह्ती हाइन्ला आणि यानुस फ्रिस यांनी २०१४ मध्ये स्थापन केलेल्या स्टारशिप टेक्नॉलॉजीजचे सहा चाकांचे रोबो २०१८ पासून येथे किराणा पोहोचवतात. हेच शहर का, याचे उत्तर त्याच्या नकाशात आहे. हे गाव १९६७ मध्ये नव्याने वसवायचे ठरले तेव्हा मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळे, पादचारी आणि सायकलींसाठीचे लाल डांबराचे मार्ग त्याच्या आखणीतच आले. मोठ्या रस्त्यांखालून भुयारी वाटाही काढल्या गेल्या. रोबोसाठी तयार केलेले नसले तरी रोबोला याहून सोयीचे गाव मिळणे कठीण. गोदामात आम्ही यंत्रासाठी जमीन सपाट करतो आणि संकेत चिकटवतो; येथे ते काम नगररचनाकारांनी रोबो जन्मण्याच्या कितीतरी आधी करून ठेवले होते.

पाऊस भुरभुरत होता. एका दुकानाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या रोबोंपैकी एक निघाला, तसा मीही त्याच्यामागे निघालो. माणसाच्या चालीएवढ्या, ताशी सहा किलोमीटरच्या वेगाने तो लाल मार्गावरून चालला होता. टोकाला झेंडा असलेली काठी डुलत होती. पदपथाच्या कडेची पायरी त्याने पुढची चाके उचलून चढली, कुत्र्यापुढे तो थांबला, आणि गल्लीचा रस्ता ओलांडण्यापूर्वी एवढा वेळ विचार करत राहिला की मीच अधीर झालो. अडल्यास दूरवर बसलेला माणूस त्याच्या कॅमेऱ्यांतून पाहून मदत करू शकतो.

तो एका तीन मजली इमारतीपुढे थांबला. थोड्या वेळाने एक वृद्ध बाई कठडा धरत खाली आल्या, फोनवर बटण दाबून त्यांनी झाकण उघडले आणि आतल्या दोन पिशव्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. एरवी शेजारचा मुलगा खाली येतो, आज तो नाही, असे त्या मला म्हणाल्या. मी दोन्ही पिशव्या उचलल्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत चौतीस पायऱ्या होत्या. त्या माझ्यामागून सावकाश येत होत्या आणि दार डावीकडचे आहे, घंटा वाजत नाही, असे खालूनच सांगत होत्या. पिशव्या उंबरठ्याच्या आत ठेवून मी खाली आलो, तेव्हा झाकण मिटून रोबो कोपऱ्यापर्यंत पोहोचला होता.